जोडीदार

“पेपरवाले असाल तर आल्या वाटंनं परत फिरा,” मान वर न करताच वस्ताद म्हणाले.

घराच्या ओट्यावर ते एकटेच बसले होते. हिंदुराव मोरबाळे हे नाव मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. भोगावतीच्या काठावरच्या त्या गावात त्यांची तालीम होती, आणि तिथल्या लाल मातीत तयार झालेले पठ्ठे पार बेळगावपर्यंतची मैदानं मारून येत. माणूस मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मोडलेले कान, मांडीएवढे दंड. पण अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा ढगळ दिसत होता आणि दाढी वाढलेली होती.

“पेपरवाले न्हाई ओ,” हौसाक्का म्हणाल्या. “मी हौसा जिरगे. कोल्हापुरात माझा मिरची कांडायचा डंक हाय. ह्यो अभिनंदन मगदूम, दूध संघात नोकरीला हाय. माझा विनायक आट वर्सामागं असाच गेला. तुमच्या धैर्यशीलसारखा.”

आता वस्तादांनी वर पाहिलं. “असाच म्हंजे कसा? माझा पोरगा जोर मारताना गेला. छातीत कळ आली, खाली बसला, संपलं. सगळ्या गावाला म्हाईत हाय.”

मला वाटलं, झालं, आता निघावं. हौसाक्कांनी मानही डोलावली नाही आणि वादही घातला नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “वाईच पाणी मिळंल का? गाडीवरनं आलोय, घसा पार वाळलाय.”

दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणणं त्या घराला जमण्यासारखं नव्हतं. वस्तादांनी आत तोंड करून हाक दिली, “अगं ए, पाणी आण. पावनी आल्यात.”

पाणी घेऊन आल्या त्या शालनबाई, वस्तादांच्या पत्नी. तांब्या देताना त्यांनी हौसाक्कांकडे असं पाहिलं, की मला लगेच कळलं, आम्हाला बोलावणारा फोन यांचाच होता. शेजारणीच्या मोबाइलवरून, नवऱ्याला न सांगता केलेला.

आमची रविवारची बैठक तेव्हा मंगळवार पेठेतल्या एका शाळेच्या संगीताच्या वर्गात भरायची. ज्यांच्या घरातल्या कुणी आपला जीव आपणच संपवलाय, अशी माणसं तिथं जमायची. कुणी बोलायचं, कुणी नुसतंच बसायचं. महिन्यातून एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई यायच्या. आणि कुठून फोन आला, की आमच्यातली दोघं त्या घरी जाऊन यायची. मी थोरल्या भावामुळे तिथं जायला लागलो होतो. दोन वर्षं होत आली होती आणि त्या दोन वर्षांत मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. तरी त्या आठवड्यात हौसाक्का म्हणाल्या, “अभि, या खेपेला माझ्यासंगट तू चल.” माझ्याकडे गाडी आहे म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चाललो.

येताना त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. “का आणि कसं ह्ये इचारायचं न्हाई. आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. लोक नावच घ्यायचं सोडत्यात बघ.”

शालनबाईंनी आम्हाला आत नेलं. वस्ताद ओट्यावरच राहिले. सोप्यात, म्हणजे ओट्यामागच्या पहिल्या खोलीत, धैर्यशीलचा फोटो होता, हार घातलेला. लंगोट लावून शड्डू ठोकणारा तेवीस वर्षांचा पोरगा, आणि चेहरा मात्र फोटो काढणाऱ्यानं काहीतरी गंमत केल्यासारखा हसरा.

“धैर्यशील कुणावर गेला हुता?” हौसाक्कांनी विचारलं. “तोंडवळा तुमचा दिसतोय.”

“माझाच,” त्या म्हणाल्या. “अक्का, धा-बारा दीस झालं, माणसं येत्यात, बसत्यात, आणि पावसापाण्याचं बोलून जात्यात. त्याचं कुणी बोलतच न्हाई. ह्यांनी सांगितलंय छातीत कळ आली म्हणून. लोकांस्नी खरं म्हाईत हाय. आमाला बी म्हाईत हाय की त्यांस्नी म्हाईत हाय. मग बोलायचं तरी काय?”

“तुमी काय बी बोला. आमी ऐकायलाच आलोय.”

मग त्या बोलल्या. तुटक, मध्येच थांबत, पदरानं तोंड पुसत. गेलं वर्षभर पोराची झोप उडाली होती. खुराक अंगाला लागत नव्हता. गुडघा दुखावल्यापासून मैदानं हुकली होती, पण गुडघा बरा झाल्यावरही त्याचं मन कशात लागत नव्हतं. आईला वाटलं, नजर लागली. बापाला वाटलं, आळस. मी खाली मान घालून ऐकत होतो. सन्मतीचीही, माझ्या भावाची, शेवटी झोप उडाली होती.

त्यांचं बोलून झालं तशी हौसाक्कांनी विचारलं, “तालमीतली पोरं कुठायत?”

शालनबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. त्यांना असं कुणी विचारलंच नसावं.

“तालीम बंद हाय तवापास्नं. पोरं आपापल्या गावी गेली. एक बिरू तेवढा ऱ्हायलाय.”

“बिरू कोण?”

“धैऱ्याचा जोडीदार. वरल्या अंगाच्या धनगरवाड्यावरचा हाय. बारीक असल्यापास्नं दोघं एकामेकाशीच लढायची, एका ताटात जेवायची. तालमीच्या मागल्या खोलीत पडून असतोय. मी भाकरी ठेवून येते, तशीच परत आणते. बोलत न्हाई, बगत न्हाई.” मग आवाज अगदी बारीक करून त्या म्हणाल्या, “गावात कुणीतरी उठवलंय, बिऱ्यानं त्याच्याकडनं जादा जोर काढून घेतला, म्हणून पोराची छाती फुटली.”

हौसाक्का लगेच उठल्या.

“अभि, चल भाईर.”

ओट्यावर त्या वस्तादांच्या शेजारी बसल्या. अगदी जवळ नाही, पण परक्यासारखं लांबही नाही. हौसाक्कांच्या लुगड्याला कायम मिरचीची धूळ लागलेली असे. बैठकीत नव्यानं आलेलं माणूस त्यांच्याजवळ बसलं की हमखास शिंकायचं. वस्तादांनाही सटासट दोन शिंका आल्या.

“दादा, एक सांगू का?” हौसाक्का म्हणाल्या. “तुमच्या धैर्यशीलचं न्हाई. माझ्या विनायकचं.”

वस्ताद नको म्हणाले नाहीत.

“त्याचा एक दोस्त हुता, रमाकांत. विनायक गेल्यावर ह्यो पोरगा रोज सांच्याला माझ्या डंकावर यायचा. यायचा, पोत्यावर बसायचा, जायचा. मला त्याचा राग यायचा बगा. वाटायचं, ह्यो चालतोय, बोलतोय, आणि माझा गेला. च्या बी इचारत न्हवते मी. आट म्हयने असं चाललं. मग एक दीस लाइट गेली, डंक बंद पडला, आणि त्या शांततेत त्यो मला म्हणाला, ‘काकू, माझ्यामुळं झालं का ओ?’”

वस्तादांची मान हळूच वळली.

“त्यांच्यात कायतरी बारकं भांडान झालं हुतं. क्रिकेटच्या बॅटीवरनं. आट म्हयने त्या पोरानं त्ये पोटात ठेवलं हुतं आणि मला सांगायला रोज येत हुता. तोंड उघडत न्हवतं त्याचं. मी आई, माझ्याकडं बाया येऊन रडत हुत्या, मला धरत हुत्या. त्याला कोण धरणार? दोस्ताला कुणी इचारतंय व्हय? मग आमी दोघांनी मिळून त्ये सुरू केलं, रविवारचं. म्हटलं, आपल्यासारखी आणि किती असतील, कुठं कुठं गप बसलेली.”

हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या बैठकीत सगळ्यांना चहा देणारा, खुर्च्या मांडणारा तो हसतमुख रमाकांत. मी त्याला शाळेचा कुणी कर्मचारी समजत होतो.

समोरच्या गल्लीतून एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन गेली, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

“नाव धैर्यशील ठेवलं मी,” वस्ताद एकदम म्हणाले. “म्हटलं, नावासारखा निघंल. पैलवानाचं पोरगं असं करत न्हाई, हौसाबाई. लोक काय म्हंतील? ह्या हिंदुरावानं दुसऱ्याची पोरं दगडासारखी घडवली आणि सोताचं पोरगं...”

“तुमी हाक कशी मारायचा त्याला?”

“धैऱ्या.”

“धैऱ्याला बरं न्हवतं, दादा. गुडघा दुखावला तर दिसतोय, पट्टी बांधता येतीय. ह्ये दिसलं न्हाई कुणाला. त्यानं लई दीस दम धरला आसंल. आपल्याला न कळता.”

वस्तादांचा तो प्रचंड देह हलायला लागला. आवाज नव्हता, नुसता देह हलत होता. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे दाबले. “तुमच्या त्या मिरचीनं...” ते कसंबसं म्हणाले.

“व्हय,” हौसाक्का म्हणाल्या, “औंदाची मिरची लई कडक हाय.” आणि पदर झटकल्यासारखा करून त्या तशाच बसून राहिल्या, वस्तादांचं रडून होईपर्यंत. ना पाठीवर हात फिरवला, ना उगी उगी केलं. त्यानंतर इतकी वर्षं मी अशा माणसांच्या घरी जातोय, पण रडणाऱ्याला इतकं मोकळं सोडणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही.

शेवटी वस्तादांनी विचारलं, “बिऱ्या जेवला का गं?”

दारात शालनबाई उभ्या होत्या. “न्हाई.”

“खरं बोललो तर तालीम बंद पडंल,” वस्ताद हौसाक्कांना म्हणाले. “कोण धाडंल आपली पोरं माझ्याकडं?”

मला वाटलं, हौसाक्का म्हणतील, तसं काही होणार नाही. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

“पडंल कदाचित,” त्या म्हणाल्या. “त्ये मला सांगता यायचं न्हाई.”

वस्ताद उठले. खुंटीवरचा फेटा त्यांनी घेतला, हातात धरून पाहिला आणि परत खुंटीला लावला. बोडक्यानंच ते ओटा उतरले.

तालीम दोन गल्ल्या पलीकडे होती. धैर्यशील गेल्यापासून वस्ताद पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, त्यामुळे चहाच्या टपरीवरची माणसं आपोआप उठून मागं चालायला लागली. कुणीतरी सायकल टेकवून आलं, कुणी दुकानातून. गावातलेच दोन-तीन पैलवान धावत आले. तालमीच्या दारात पोचलो तेव्हा तीसेक माणसं झाली असतील, आणि शालनबाईही होत्या, बायकांनी तालमीत यायची तिथं पद्धत नसताना.

आत अंधार आणि गारवा. कोनाड्यात मारुती. मधोमध कुस्तीचा हौदा, त्यातली लाल माती पाणी-ताक न मिळाल्यानं वाळून ढेकळं झालेली. वस्ताद चपला काढून हौद्यात उतरले.

“बिऱ्या,” त्यांनी हाक मारली. “भाईर ये.”

मागच्या खोलीचं दार उघडलं. उंच, रुंद छातीचा पोरगा, पण भिंतीला धरून आला. डोळे आत गेले होते. एवढी माणसं पाहून तो जागीच थांबला. त्याला वाटलं असेल, निवाडा करायला आलीत.

“सगळ्यांनी ऐका,” वस्ताद म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्या दगडी भिंतींत घुमला. “मी तुमाला सांगितलं, धैऱ्या छातीत कळ येऊन गेला. त्ये खोटं हाय. त्यानं त्याचा जीव त्यानंच संपवला. पोरगं आजारी हुतं. मनानं आजारी हुतं. आमाला त्ये वळखता आलं न्हाई. त्यात कुणाचा दोष न्हाई. ह्या बिऱ्याचा तर न्हाईच न्हाई. आजपास्नं ह्याच्याबद्दल कुणी वंगाळ बोलला, तर त्यानं आदी ह्या हौद्यात माझ्याशी हात मिळवायचा.”

दारातली माणसं बिरूकडे पाहायला लागली.

मग बिरू बोलला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच बोलत असावा, आवाज फाटला होता.

“वस्ताद, आदल्या दिशी मी त्याला चीत केला हुता. धरला तसा उचलून टाकला. गुडघ्यानंतर पहिलीच लढत त्याची. मला कळाया पायजे हुतं. उठला आणि माझ्याशी न बोलता गेला. मी हाका मारल्या. वळून बी बगितलं न्हाई.”

“आरं लेकरा,” वस्ताद म्हणाले. “त्यो वळला न्हाई कारण त्याला घरी पळायचं हुतं. मला सांगायचं हुतं. जेवताना काय म्हणाला म्हाईत हाय? म्हणाला, ‘आबा, बिऱ्यानं आज आसा डाव टाकला, तुमी बगाया पायजे हुता. ह्यो मोठी मैदानं मारतोय बगा औंदा.’ हासत हुता त्यो. तुझं कौतुक सांगताना माझा पोरगा शेवटचा हासला, बिऱ्या. आणि मी ती गोष्ट घरात डांबून बसलो आणि तू हितं उपाशी.”

बिरू हौद्यात कसा उतरला, मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं पाणी होतं आणि माझ्या अंगावर मिरची नव्हती. दिसलं तेव्हा दोघं गुडघ्यांवर होते, कुस्तीत खांद्याला खांदा लावतात तसे एकमेकांना धरून, आणि तो दणकट पोरगा “आबा, आबा” करत होता. वस्ताद त्याच्या पाठीवर लाल माती चोळत होते, लढतीआधी चोळतात तशी.

टपरीवरच्या माणसांतल्या एका म्हाताऱ्यानं आपलं पागोटं काढलं. मग एक पैलवान गुपचूप कोपऱ्यातलं फावडं घेऊन हौद्यात उतरला आणि कडेची ढेकळं फोडू लागला.

परत घराकडं गेलो ते फक्त हौसाक्कांची पिशवी आणायला. सोपा बायकांनी भरून गेला होता. शालनबाई मधोमध बसल्या होत्या आणि सांगत होत्या, धैऱ्या सहा वर्षांचा असताना थंडाईसाठी भिजत घातलेले सगळे बदाम एकट्यानं खाऊन कसा माळ्यावर लपून बसला होता. सांगता सांगता त्या रडत होत्या, बायका रडत होत्या, आणि मग कुणीतरी म्हणालं, “आणि माझ्या म्हशीवर बसून गावच्या वेशीपर्यंत आला हुता, त्ये?” आणि सगळ्या एकदम हसल्या. शालनबाईसुद्धा. वस्ताद उंबऱ्यात थांबून ऐकत राहिले. आत जाईनात, की बाहेर येईनात.

हौसाक्कांनी पिशवी उचलली. “चल,” मला म्हणाल्या. “आता हितं आपलं काय काम न्हाई.”

तालमीतून दोन पोरं घरच्यांनी काढून नेली, हे खरं. बाकीची परत आली. बिरूला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे वर्षभर आणावं लागलं. त्याला घेऊन यायचे ते वस्तादच, एसटीनं, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मोठी मैदानं बिरूनं काही मारली नाहीत. तो आता त्या तालमीत पोरांना शिकवतो. वस्ताद थकलेत, पण नवा पोरगा आला की त्याला आधी समोर बसवून सांगतात, अंग दुखलं तर सांगायचं आणि मन दुखलं तरी सांगायचं, इथं दोन्हीला औषध आहे. हौसाक्का तीन वर्षांमागं वारल्या. त्यांच्या मातीला आलेली माणसं पाहून गल्लीतले लोक विचारत होते, मिरची कांडणाऱ्या बाईला एवढा गोतावळा कुठून?

पण त्या दिवशीची एक गोष्ट राहिली.

परत निघालो तेव्हा ऊन कललं होतं. दोन्ही अंगाला उसाचे फड, रस्ता मोकळा. हौसाक्का मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, “अक्का, सन्मतीनं मला पोहायला शिकवलं.”

समोर रस्ता होता, माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं, म्हणून जमलं असेल. “आमच्या विहिरीत. मोठी माणसं पाठीला डबा बांधून ढकलून द्यायची सगळ्यांना. सन्मती मात्र आधी स्वतः उडी मारायचा, आणि खालून हात वर करून म्हणायचा, ये.”

मागून काही उत्तर आलं नाही. ऐकलं नसेल त्यांनी, बरंच झालं, असं मला वाटलं. मग खांद्यावर हात पडला.

“गाडी बाजूला घे,” हौसाक्का म्हणाल्या. “वाऱ्यात नीट ऐकू येत न्हाई मला.”

मी गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर त्या बसल्या, पदर सावरला आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“हं,” म्हणाल्या. “सांग आता. पहिल्यापास्नं सांग.”